अनारसे हसले म्हणून

सातारा, 26 ऑक्टोबर 2025

चि. मनूस आजीचे अनेक आशीर्वाद.

भाऊबिजेच्या रात्री तुझा फोन आला तेव्हा इथे साडेदहा वाजले होते, म्हणजे तुझ्याकडे सिंगापुरात, सेंगकांगला, रात्रीचा एक, आणि तू रडत होतीस ती अनारसे हसले म्हणून. तुपात सोडताच विरघळले, गूळ करपला, भावाला व्हिडिओवर ओवाळायचे राहूनच गेले, असे सगळे एका दमात सांगितलेस. फोन ठेवल्यावर मला झोप आली नाही. बाळ, अनारसे बिघडले म्हणून कुणाला एवढे रडू येत नाही. ते आधीच साठलेले असते, कढई नुसते निमित्त होते.

मग मी कॅलेंडर काढून बसले. तुझ्या ऑफिसला दिवाळीची सुट्टी एकच, सोमवारी 20 तारखेची. आपले लक्ष्मीपूजन मंगळवारी, पाडवा बुधवारी, भाऊबीज गुरुवारी. तिन्ही दिवस तू कामावर, आणि तरी वसुबारसेपासूनचे सगळे तुला जसेच्या तसे व्हायला हवे होते, तुझ्या आईच्या घरी होते तसे. त्यात वर्षअखेरीची कामे, मैत्रिणींच्या भेटी, डिसेंबरच्या तिकिटाची काळजी. फोनवर शेवटी म्हणालीस, ‘उरकली एकदाची दिवाळी.’ तो शब्द मला फार लागला गं. धुणे उरकावे, भांडी उरकावी. सण कशाला उरकायचा?

आणि अनारसे तर उरकायचा पदार्थच नव्हे. तांदूळ तीन दिवस भिजायचे, रोज पाणी बदलायचे, मग निथळून, सावलीत फडक्यावर पसरून, ओलसर असतानाच दळायचे, बारीक चाळायचे, गूळ किसून मळायचा आणि तो गोळा चार-पाच दिवस डब्यात गप्प ठेवून द्यायचा. त्या दिवसांत आपण काही करायचे नसते, हीच त्यातली मुख्य कृती. तू ऑफिसातून येऊन बाजारच्या कोरड्या पिठात गूळ मिसळलास आणि त्याच रात्री तूप तापवलेस. तुझ्या हाताचा गुण उत्तम आहे (तुझ्या चकलीला काटे येतात ते मी पाहिले आहेत), पिठाला वेळ मिळाला नाही एवढेच.

तुला कधी सांगितले नव्हते ते आज सांगते. 1978 च्या दिवाळीत, लग्नाला दोन वर्षे झाली असतील, घरात चौदा माणसे आणि फराळाचा सगळा भार मी हौसेने अंगावर घेतला होता, कारण सगळ्यांनी ‘वा’ म्हणावे असे वाटे. पाडव्यानंतर मला झोप येईना, घास गिळवेना, कुणी हाक मारली तरी डोळे भरून येत. ‘दमलीय’ म्हणून घरच्यांनी सोडून दिले. एके दिवशी सासूबाईंनी माझ्या हातातला झारा काढून घेतला, मला अंगणात तुळशीपाशी बसवले आणि स्वतः चुलीपाशी गेल्या. बोलल्या काहीच नाहीत. मी दुपारभर तिथे बसून होते. आठवडाभर त्यांनी मला स्वयंपाकघरात येऊ दिले नाही, आणि हळूहळू मी माणसात आले. तुझ्या हातातला झारा काढून घ्यायला तिथे सासूबाई नाहीत, म्हणून हे पत्र.

मागच्या वर्षी महिनाभर तुझ्याकडे होते तेव्हा पहाटे उठून नदीकाठच्या बागेत जायचे, आठवते? तुमच्याकडे बारा महिने सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे सहाला उठले तरी पहाटच असते. पाण्यावर तरंगणारी ती वनस्पतींची बेटे, संथ हात हलवत व्यायाम करणाऱ्या चिनी आज्या, आणि पलीकडून बिनचालकाची ती छोटी गाडी इमारतींमधून सरकत जायची. तूच सांगितले होतेस की सेंगकांग म्हणजे भरभराटीचे बंदर, आणि तिथे पूर्वी कांगकार नावाचे कोळ्यांचे गाव होते. तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर हे सगळे आहे आणि तू मात्र मोबाइल बघत स्टेशनकडे धावतेस. रोज नको, आठवड्यातून तीनदा जा. पण रात्री अकराला दिवा मालवलास तरच सकाळी उठवेल, हे ध्यानात ठेव.

पैशांचेही एक. डिसेंबरचे तिकीट महाग आहे म्हणून कार्डावर कर्ज करून येऊ नकोस. जानेवारीच्या अखेरीला ये, तिकीट आवाक्यात असेल आणि नशिबाने हुरडाही मिळेल. मी कुठे जाते? भेटवस्तूंचेही तसेच, ज्याला द्यावेसे वाटते त्यालाच दे, आणि हिशेब वहीत लिही. खर्च लिहिला की छातीवरचे अर्धे ओझे उतरते, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

एवढे करूनही झोप आली नाही, सकाळी उठावेसेच वाटले नाही आणि असे दोन आठवडे चालले, तर डॉक्टरकडे जा. ताप आला की जातेस तशीच जा. आमच्या वेळी मनाच्या दुखण्यासाठी डॉक्टरचे नावही कुणी काढत नसे; पुढे 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी ठाण्यात मनाच्या आरोग्यासाठी संस्था काढली, आणि आपल्या माणसांनाही यावर मोकळेपणी बोलता येते हे हळूहळू दिसू लागले. एखाद्या रात्री अगदीच असह्य झाले तर तुमच्याकडे 1767 हा नंबर आहे, सॅमॅरिटन्स ऑफ सिंगापूरचा, चोवीस तास कुणीतरी ऐकायला असते. मोबाइलमध्ये आत्ताच साठवून ठेव. आणि मला तर कधीही उठव.

दिवाळी अजून संपलेली नाही, मनू. आपल्याकडे फराळाला बोलावणे तुळशीच्या लग्नापर्यंत चालते. ते येत्या रविवारपासून, 2 नोव्हेंबरपासून, आणि पौर्णिमा बुधवारी, 5 तारखेला. भावाला त्या दिवशी ओवाळलेस तरी तो रुसणार नाही, मी विचारून ठेवले आहे. तुझे बाबा या पत्राचा फोटो आजच पाठवतील. तर आज रात्री दोन वाट्या तांदूळ भिजत घाल, पाणी रोज बदल, बाकी काही करू नकोस. अनारसा सोडशील तेव्हा खसखशीची बाजू वर, आच मंद, आणि उलटू नकोस. अडलेच तर सकाळी साडेसातला फोन कर; इथे पाच वाजलेले असतात आणि माझा चहा झालेला असतो.

तुझी,
आजी