भिडेखातर

कॉमिक कॉनमध्ये कुणी टेबलासमोर थबकलं की मी अंक उचलून सरळ त्याच्या हातात देते. ‘बघून तर घ्या, बघायला पैसे पडत नाहीत.’ हे शिकायला मला कुठल्या कार्यशाळेत जावं लागलं नाही. दादरच्या फुटपाथवर हे ऐकतच मी लहानाची मोठी झाले. हातात आलेली वस्तू खाली ठेवणं माणसाला जड जातं, हे तिथल्या प्रत्येक फेरीवाल्याला ठाऊक असतं. मलाही ठाऊक आहे, म्हणूनच देते.

अंक माझ्या आजोबांवर आहे. २८ पानं, काळा-पांढरा, मधोमध दोन पिना, किंमत २०० रुपये. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. हे सगळं गर्दीत, स्पीकरच्या आवाजावर आवाज चढवून, समोरच्याचं लक्ष उडायच्या आत सांगायचं असतं. सुरुवातीला मी अडखळायचे. आता वाक्याला चांगलं वळण आलंय. ‘माझ्या सख्ख्या आजोबांची गोष्ट आहे’ म्हणते आणि क्षणभर थांबते. त्या थांबण्यात समोरचा अडकतो. गेलेल्या आजोबांना तोंडावर ‘नको’ कसं म्हणणार? फोन निघतो, क्यूआर कोड स्कॅन होतो, मी सही करून देते.

हे थांबणं मुद्दामचं आहे का, असं मी स्वतःला विचारलंय. हो, आहे. पहिल्यांदा ते आपसूक आलं असेल. पण त्याने अंक खपतो हे कळल्यावर मी ते सोडलं नाही.

यात मला टोचतं ते अंकातलंच एक पान. संप चिघळल्यावर आजोबांनी भाजीची हातगाडी लावली, चाळीच्याच तोंडाशी. ओळखीच्या बायका गरज नसतानाही मेथीची जुडी घेऊन जायच्या. आजोबांच्या ते लक्षात आलं तसं त्यांनी गाडी दूर नेली, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं अशा गल्लीत. धंदा कमी झाला. आजी हे सांगताना अजून चिडायची. ते पान मी पुन्हा पुन्हा काढलं, गाडीच्या चाकांपासून शाईच्या फटकाऱ्यांपर्यंत. अंकातलं तेच सगळ्यात देखणं झालंय. म्हणून गिऱ्हाइकापुढे अंक धरताना मी तेच पान उघडून धरते.

माझ्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, नाही असं नाही. स्वतः छापणाऱ्याला वितरक नसतो, दुकानदार नसतो, परीक्षण लिहिणारा तर नसतोच. मी तोंड उघडलं नाही तर अंक पलंगाखाली खोक्यात राहतो. रॉबर्ट क्रम्बने १९६८ मध्ये ‘झॅप’ या आपल्या कॉमिकचा पहिला अंक सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट स्ट्रीटवर बाबागाडीतून विकला. आम्ही टेबलवाले ही गोष्ट एकमेकांना फार कौतुकाने सांगतो. त्या गाडीजवळ थांबलेल्यांपैकी किती जणांना अंक खरंच हवा होता, हे आम्ही कधी विचारत नाही. ते आमच्या सोयीचंही नाही.

दुसरी आवडती गोष्ट टोकियोच्या कॉमिकेटची. डिसेंबर १९७५ मध्ये ३२ गटांच्या सहभागाने सुरू झालेला हा मेळा पुढे अवाढव्य झाला, पण तिथला एक विचार टिकून आहे: टेबलाच्या अलीकडचे आणि पलीकडचे, सगळे सहभागीच. गिऱ्हाईक कुणी नाही. या मेळ्यावर माहितीपट करणाऱ्या भरत मूर्तींनी पुढे आपल्याकडे इंडी कॉमिक्स फेस्ट सुरू केला. मला हा विचार मनापासून पटतो आणि मी तो चारचौघांत बोलूनही दाखवते.

मग एक पोरगा आला. पाठीला कॉलेजची सॅक. त्याने उभ्या उभ्या अख्खा अंक वाचला. जिथे हसायला हवं तिथे हसला, हातगाडीच्या पानावर दोनदा मागे गेला, अंक नीट गठ्ठ्यावर ठेवला, ‘भारी आहे’ म्हणाला आणि निघून गेला. माझ्या मनात आलं, फुकटात वाचून गेला. त्याच तासात एका बाईंनी अंक न उघडताच पैसे दिले आणि घड्याळ बघत गेल्या. त्यांना मी तोंडभर हसून निरोप दिला. माझा वाचक त्या दोघांपैकी कोण, हे कळायला फार अक्कल लागत नाही. पण माझ्या चेहऱ्याने तेव्हाच आपला निवाडा देऊन टाकला होता, आणि तो चेहरा मी ठरवून केलेला नव्हता.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे नारुतो आणि स्पायडरमॅनची स्टिकरं, प्रिंट, कीचेन. माझ्या डोक्यातलं सोवळं तिला बघून जागं झालं: दुसऱ्याची पात्रं विकते! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने मी बरोबर असेनही. पण माझं सोवळं पोसतं कोण? जाहिरात कंपनीतला माझा पगार. अंक खपला नाही तरी महिन्याच्या शेवटी माझ्या खात्यात पैसे जमा होतात. ती याच टेबलांवर घरभाडं काढते. शिवाय दिवसभर तिला बघताना एक गोष्ट ध्यानात आली. ती काही बोलतच नव्हती. येणारा आधीच ठरवून येत होता, बोट दाखवत होता, पैसे देत होता. नारुतो कुणी भिडेखातर घेत नाही. अख्ख्या हॉलमध्ये भवानीपासून शेवटच्या नोटेपर्यंत चोख व्यवहार कुठे चालला असेल तर तिच्याकडे, आणि तिला नाकं मुरडणारी मी इकडे आजोबा सांगत बसलेली.

संध्याकाळी आवराआवर करताना तिने माझा एक अंक मागितला आणि मी नको नको म्हणत असताना पूर्ण पैसे दिले. तिला तो हवा होता की शेजारधर्म होता, मी विचारलं नाही. मग मीही तिच्याकडून नारुतोचं एक स्टिकर घेतलं. मला नारुतो आवडत नाही.