दुसऱ्याच्या पायांनी

आपली अपुरी राहिलेली इच्छा दुसऱ्याकडून पुरी करून घ्यावी काय? हा प्रश्न पडला, की मला इंग्लंडचा ब्रायन क्लफ आठवतो. लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल करणाऱ्या या गड्याचा गुडघा १९६२ च्या डिसेंबरात निकामी झाला. सत्ताविसाव्या वर्षीच खेळ संपल्यात जमा! पुढे तो नॉटिंगहॅम फॉरेस्ट संघाचा व्यवस्थापक झाला. तिथे त्याला जॉन रॉबर्टसन हा स्थूल, गबाळा खेळाडू भेटला. क्लफची गोलांची भूक मेली असेल, असे मला वाटत नाही. तरी त्याने दुसरा क्लफ घडवला नाही. रॉबर्टसनची खरी जागा डाव्या बगलेवर आहे, हे ओळखले. १९८० चा युरोपीय चषक रॉबर्टसनच्याच गोलने जिंकला. बापाचा जोडा मुलाच्या पायात आला, तरी वाट मुलाचीच असते.