उसवलेल्या लोकरीचं प्रारब्ध

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक शोकसभेत हमखास ऐकू येतो. जीर्ण वस्त्र टाकावं तसा जीव देह टाकतो, हा त्याचा आशय. यात एक गोष्ट गृहीत आहे: टाकलेल्या वस्त्रातलं काहीही नव्या वस्त्रात जात नाही.

हाताने विणलेल्या लोकरीच्या फ्रॉकला हे लागू पडत नाही. (गीतेला दोष देण्यात अर्थ नाही. सुयांवरच्या विणकामाचे जुन्यात जुने मानले जाणारे नमुने, इजिप्तमधले निळे-पांढरे सुती मोजे, जेमतेम हजारएक वर्षांचे आहेत.)

हा फ्रॉक झिजतोही वेगळ्या तऱ्हेनं. हातमागाच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना धरून असतात. इथे एकाच धाग्याचे फासे एकमेकांत अडकलेले, म्हणून फ्रॉक अंगाप्रमाणे ताणला जातो आणि तसाच राहतो. कोपरापाशी फुगे येतात. घेर स्वतःच्याच वजनानं खाली ओघळतो. काखेत घासून लोकरीच्या गोळ्या होतात. धागा तुटला की टाका सुटत जातो. दोन हिवाळ्यांत फ्रॉक विणणारीपेक्षा घालणारीचा जास्त झालेला असतो.

मग तो थोरलीला आखूड होतो. पूर्वी घरोघरी पुढचं काम ठरलेलं असे: टाके जिथे बंद केले तिथून उसवायचं, लोकरीची लड करायची, धुऊन वजन लावून टांगायची. वजन लावायचं, कारण जुन्या टाक्यांचे वळसे लोकरीत राहतात. त्याच लोकरीचं धाकटीला टोपडं. त्यात थोरलीच्या कोपराचा विरलेला धागा आला, की ते नेमकं तिथेच फाटतं.

झिजवलं एकीनं, भोगतेय दुसरी. कर्मसिद्धान्ताची ही जुनी अडचण आहे. वारा गंध नेतो तसा जीव मन-इंद्रियं बरोबर नेतो, असं गीतेच्याच पंधराव्या अध्यायात येतं. म्हणजे वळसे पुढे जातात, हे तिलाही मान्य. शिवाय नेणारा एकच, त्यामुळे तिथे थोरली-धाकटी असा वाद उरत नाही. बौद्धांची पंचाईत मोठी, कारण ते नेणारा आत्माच मानत नाहीत. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, भिक्खू नागसेनाला याच मुद्द्यावर अडवतो. नागसेन आंबेचोराचं उदाहरण देतो. चोर म्हणतो, मालकानं लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. तरी तो सुटत नाही, कारण हे आंबे त्या आंब्यांमुळेच आले. युक्तिवाद चोख आहे, पण त्यातून धागा सलग असल्याचंच तेवढं सिद्ध होतं. धाकटीची तक्रार तशीच राहते.

विणणाऱ्या बायका विरलेला तुकडा सरळ कापून टाकतात आणि गाठ मारतात. गीतेच्या चौथ्या अध्यायात हे काम ज्ञानाच्या अग्नीकडे आहे. तो सगळी कर्मं जाळतो. शंकराचार्यांनी मात्र भाष्यात त्याला अपवाद ठेवला: ज्या कर्मामुळे हा देह मिळाला आणि ज्याचं फळ सुरू झालं, ते भोगूनच संपवावं लागतं.