करून देणं, करू देणं

लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, गेले पाच आठवडे मला एकच प्रश्न येतो: "शी झाली का?" लेक बाळंतपणाला मुलुंडला माझ्याकडे आली आहे आणि अख्ख्या इमारतीला माझ्या नातीच्या पोटाची काळजी आहे. ही आपुलकी मला हवीच आहे. तरी तो प्रश्न टोचायला लागला, कारण ‘अजून नाही’ म्हटलं की लगेच उपाय येतो. बेंबीभोवती हिंगाचा लेप, तेल लावून कोमट केलेलं विड्याचं पान, गुटीत मुरडशेंगेचे दोन वेढे जास्त. विचारतात शीबद्दल, पण मला ऐकू येतं, ‘तुम्ही काही केलंत की नाही?’

नातीची तऱ्हा अशी. दूध भरपूर पिते, वजन वाढतंय, लंगोट ओले होताहेत. पण रोज एकदोनदा ती एकदम लाल होते, पाय पोटाशी घेते, पंधरा-वीस मिनिटं जिवाच्या आकांताने रडते, आणि शेवटी जी शी होते ती मऊ, पिवळी, मोहरीचे दाणे कालवल्यासारखी. बद्धकोष्ठ म्हणावं तर खडा कुठेच नाही. तिसऱ्या आठवड्यात तेल लावायला येणाऱ्या मावशींनी यावर आपला उपाय काढला. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून शीच्या जागी हलकेच फिरवला. दोन मिनिटांत पोरगी मोकळी झाली आणि लेकीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांना विचारलं, तर ते म्हणाले, "आजी, तिला अजून कुंथता येत नाही. शिकतेय ती. शिकू द्या."

कुंथणं ही शिकायची गोष्ट आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं. मग वाचलं, विचारलं. शी करायला दोन कामं एकाच वेळी जमावी लागतात. पोटाच्या स्नायूंनी वरून दाब द्यायचा आणि त्याच क्षणी खालचे स्नायू सैल सोडायचे. एक आवळायचं, एक सोडायचं. तान्ह्या बाळाला ही जोडी जमत नाही, ते दोन्ही एकदम आवळतं. वैद्यकात याला ‘इन्फंट डिस्केझिया’ म्हणतात. पोटाच्या तक्रारींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘रोम’ निकषांच्या २०१६ सालच्या आवृत्तीत त्याची व्याख्या आहे: नऊ महिन्यांच्या आतलं बाळ, निदान दहा मिनिटं कुंथणं आणि रडणं, त्यानंतर मऊ शी झाली किंवा नाही झाली तरी, आणि बाकी तब्येत ठणठणीत. औषध काही नाही. त्यातली एक गोष्ट वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. हे रडणं दुखण्याचं नसतं. जोर कसा लावायचा हे अजून उमगलेलं नसतं, म्हणून पोटात दाब आणायला बाळ रडतं. त्या एवढ्याशा जिवाकडे तेवढंच एक अवजार असतं.

अंगावर पिणाऱ्या बाळाला दीड महिन्यानंतर पाच-सात दिवस शी न होणंही चालतं, हे आता बऱ्याच आयांना ठाऊक असतं. वर्षाच्या आत मध चाटवू नये हेही ठाऊक असतं. मधातून होऊ शकणाऱ्या बॉट्युलिझमची पहिली खूण बहुधा बद्धकोष्ठ हीच असते. त्यात मी शिरत नाही. माझं मन अडकलं ते डॉक्टरांच्या ‘शिकू द्या’पाशी.

मराठीत एका ‘न’चा फरक आहे: करून देणं आणि करू देणं. नाडी बांधून देणं, नाडी बांधू देणं. गणित सोडवून देणं, सोडवू देणं. पहिल्यात काम होतं, दुसऱ्यात माणूस होतो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा मुलांच्या हाताला स्वतःचं काम मिळावं हाच त्यामागचा विचार होता. तो अडीच-तीन वर्षांच्या मुलांसाठी होता. मला तो पाच आठवड्यांच्या मुलीपर्यंत खाली आणावासा वाटला. तिचं आयुष्यातलं पहिलं स्वतःचं काम कोणतं, तर हेच. दूध ओढणं ती पोटातूनच शिकून आली. हे इथे येऊन शिकतेय, आणि देठ ते तिच्याकडून काढून घेतोय.

करून द्यावंच लागतं अशी जागाही आहे, आणि तिची कथा मला फार दिवस सोडत नाहीये. १८८६ साली कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंग या डॉक्टरांनी शी अडून, पोट फुगून दगावलेल्या दोन मुलांची हकीकत मांडली. त्यांचं मोठं आतडं प्रचंड फुगलेलं होतं. पुढची साठेक वर्षं बहुतेक वैद्य त्या फुगलेल्या भागाकडेच बघत राहिले, दोष तिथेच शोधत राहिले. १९४८ साली ऑर्वर स्वेन्सन यांनी उलट केलं. फुगवट्याच्या खालचा अरुंद, दिसायला धडधाकट असा भाग त्यांनी काढून टाकला आणि मुलं बरी झाली. त्या गरीब दिसणाऱ्या भागात मज्जापेशीच नसतात, म्हणून तो कधी सैल पडत नाही. वरचं आतडं बिचारं त्याच्याशी झुंजून फुगलेलं असतं. साधारण पाच हजारांत एका बाळाला हा आजार असतो. जन्मानंतर पहिली काळी, चिकट शी एक-दोन दिवसांत झाली नाही, पोट टणक फुगलं, हिरवी उलटी झाली, शीत रक्त दिसलं, ताप आला किंवा बाळ प्यायचं थांबलं, तर देठ नको आणि धीरही नको. तडक डॉक्टर गाठायचा. आपल्याकडे अशा मुलांसाठी परळला १९२९ पासून वाडिया रुग्णालय आहे.

जिथे डोळा जातो तिथे दोष नसतो, हे मला त्या कथेतून दिसलं. आम्ही बाळाचा लाल चेहरा बघतो, शी बघत नाही. ती मऊ आहे एवढं नीट बघितलं असतं, तर निम्मी घालमेल तिथेच संपली असती.

हे सगळं घेऊन मी मावशींशी भांडले. त्या म्हणाल्या, "ताई, तीस वर्षं पोरं न्हाऊ घालते मी. एकाचंसुद्धा वाईट झालं नाही." मी म्हटलं, वाईट न होणं आणि भलं होणं यांत अंतर आहे. रोज देठ लागला की शरीर देठाची वाट बघायला शिकतं. शिवाय ती जागा नाजूक, कुठे ओरखडा पडला तर? "आणि मावशी, देठ न लावता पोरगी किती वेळात करते, हे तुम्ही तीस वर्षांत एकदा तरी बघितलंत का?" हा प्रश्न विचारताना मला वाटलं, आता यांच्याकडे उत्तर नाही.

"बघायला थांबणार कोण?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मला इथून नाहूरला दोन घरं आहेत. अन् तुमची लेक एकटी, तिला रडू बघवतं का?"

मी गप्प झाले, आणि अजून त्याच वाक्यापाशी आहे. डॉक्टरांचं ‘शिकू द्या’ खरंच होतं, पण ती वीस मिनिटं बाळाला धरून कोणी बसायचं, हे त्यात नव्हतं. जावई अंधेरीला नोकरीला. घाटकोपरला लोकल सोडून मेट्रो धरतो, घरी यायला नऊ वाजतात. रात्री तीन वाजता नात किंचाळली की पातळ भिंतीपलीकडचा माणूस कूस बदलतो, त्याला पहाटेची गाडी असते. लेक दार-खिडक्या लावून घेते, मग स्वतःच रडते. देठ बाळावरचा उपाय नव्हताच. तो त्या वीस मिनिटांवरचा उपाय होता, आणि ती वीस मिनिटं हे या घरातलं खरं दुखणं होतं. मावशींनी ते माझ्याआधी ओळखलं होतं.

काहीही करू नये, असं मी ठरवून बसले होते. आता तसं म्हणवत नाही. करू देणं हे करून देण्यापेक्षा महाग आहे. देठाला एक हात आणि दोन मिनिटं पुरतात. बाळ रडत असताना त्याला मांडीवर घेऊन, गुडघे हलकेच पोटाशी दुमडून, शांत आवाजात बोलत बसायला अशी माणसं लागतात, ज्यांना पुढे कुठे जायचं नाही. ती माणसं न पुरवता एकट्या आईला ‘देठ लावू नकोस’ सांगण्याचा हक्क मला नाही. मी तो आठवडाभर बजावला, याचं मला वाईट वाटतं.

सोमवारी मावशींना विचारलं, एका घराचे पैसे आम्ही देतो, आमच्याकडे अर्धा तास जास्त थांबाल का? देठ नको, नुसत्या बसा. त्यांनी थोडा विचार केला आणि नाहूरच्या एका घरची वेळ पुढे ढकलली. आज न्हाणं झाल्यावर नात लाल झाली तेव्हा त्या भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या, तिला पायांवर घेतलं आणि तिचे तळवे हातात धरून ठेवले. अठरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात लेकीने बाथरूमचं दार लावून घेतलं आणि चार दिवसांनी केस धुतले.