सणाच्या सकाळचे रंगीत धिरडे

सणाच्या सकाळी न्याहारीला काय करावे, हा प्रश्न बहुधा स्वयंपाकघरातच सुटतो. मासिकाच्या पानावर किंवा उपदेशपीठावर तो कधी येत नाही. परंतु एका पुनरुत्थानदिनी आमच्याच घरात या प्रश्नाने आम्हांस असे अडवले की त्याचे उत्तर शोधण्यात आमचे बरेच दिवस गेले. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आणि घरोघरीच्या आईबापांना त्याचा काही उपयोग होईल, या आशेने तो विचार येथे मांडीत आहोत.

गोष्ट ३१ मार्च २०२४ ची. त्या वर्षीचा पुनरुत्थानदिन त्या तारखेस आला होता. पहाटेची उपासना आटोपून आम्ही पांढुर्ण्याच्या आमच्या घरी आलो. दहाच्या उपासनेत संदेश देण्यासाठी आम्हांला सौंसरला जायचे होते, म्हणून मोटार गाठण्याची घाई होती. स्वयंपाकघरात पाहतो तो ओट्यावर चार वाट्या मांडलेल्या. एकीत साधे पीठ, दुसरीत बिटाच्या रसाने लाल केलेले, तिसरीत उकडलेल्या पालकाने हिरवे केलेले आणि चौथीत हळदीचे पिवळे. आमची दहा वर्षांची धाकटी मुलगी चमच्याने तव्यावर लाल पिठाचे फूल काढीत होती. थोरली त्यावर साधे पीठ ओतून झाकण ठेवीत होती. त्यांची आई हाती उलथने घेऊन उभी होती. बाजूला संत्र्याच्या फोडी सोलून ठेवलेल्या होत्या. मृग बहाराची ती शेवटची संत्री.

आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि बोलून गेलो, “हे काय चालवले आहे? रंगाने का पोट भरते? तेवढ्या वेळात दहा धिरडी झाली असती. कितीजणांना आज सणाचा घासही नाही!” एक धिरडे उभ्याउभ्याच तोंडात कोंबले आणि पिशवी उचलली. धाकटीने चमचा खाली ठेवला. ती रडली नाही, बोललीही नाही. फक्त तिने उरलेले लाल पीठ साध्या पिठाच्या भांड्यात ओतून टाकले. दारापर्यंत येऊन तिची आई एवढेच म्हणाली, “अहो, लोकांना आनंद सांगायला निघालात, आणि घरातला विझवून चाललात.”

मोटारीत बसल्यावर आम्ही संदेशाचे टिपण उघडले. वाचनभाग होता योहानकृत शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय. पुनरुत्थित प्रभू तिबिर्याच्या समुद्राच्या किनारी कोळशाचा विस्तव करतो, त्यावर मासळी भाजतो, भाकर ठेवतो आणि रात्रभर थकलेल्या शिष्यांना न्याहारीस बोलावतो. मृत्यूवर विजय मिळवून आलेला प्रभू चुलीशी बसला होता, आणि त्याचा सेवक चुलीपुढच्या लेकराला दुखवून त्याच अध्यायावर बोलायला निघाला होता. त्या दिवशी आमचा संदेश फार अडखळत झाला, हे सांगण्यास आम्हांला आता संकोच वाटत नाही.

तरीही मनात वाद होताच. आम्ही चुकीचे काय बोललो होतो? अन्न हे पोटासाठी आहे. त्यावर नक्षी काढणे ही चैन नव्हे काय? सौंसरची उपासना संपल्यावर मंडळीतल्या एका वृद्ध विधवा बाईंच्या घरी प्रार्थनेस गेलो. एकच खोली, मोलमजुरीचे दिवस. त्यांनी ज्वारीच्या पिठाचे एक धिरडे आमच्यापुढे ठेवले. त्यावर संत्र्याच्या पाच फोडी फुलाच्या पाकळ्यांसारख्या मांडल्या होत्या आणि मध्ये गुळाचा खडा होता. आम्ही पाहतच राहिलो. त्या म्हणाल्या, “सणाचं आहे न जी, कोरंच कसं देऊ?”

सकाळी आम्ही गरिबांचे नाव घेऊन मुलीला गप्प केले होते, आणि येथे एका गरीब बाईनेच आमचे म्हणणे खोडून काढले होते. तेव्हा, प्रिय वाचकहो, या प्रश्नाचा नीट क्रमाने विचार करू या.

पहिला आक्षेप उधळपट्टीचा. बेथानीत मरियेने प्रभूच्या चरणांना मौल्यवान सुगंधी तेल लावले, तेव्हा ते तीनशे दिनारांस विकून गोरगरिबांना का दिले नाही, असे यहूदा म्हणाला. तीनशे दिनार म्हणजे मजुराची सुमारे वर्षभराची कमाई. हिशेब अगदी बिनचूक होता. पण योहान लिहितो की गरिबांची काळजी म्हणून तो तसे बोलला नाही. गरिबांचे नाव पुढे करून दुसऱ्याच्या आनंदास दोष देणे फार सोपे असते, कारण त्यात आपल्या खिशातले काहीच जात नाही. आमचेही तेच झाले होते. आम्हांला गरिबांची नव्हे, मोटारीची काळजी होती. शिवाय अर्धे बीट, मूठभर पालक आणि चिमूटभर हळद यांत कोणती संपत्ती वाया गेली? जे खर्ची पडले ते मुलींचा वेळ आणि त्यांचे लक्ष. ते तर त्यांनी आपल्या माणसांसाठीच खर्च केले होते.

आमच्या भागातला पोळा आठवा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचे सौंसर-पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिले. २०२३ साली तर पांढुर्णा हा वेगळा जिल्हाही झाला. परंतु मराठी बोली आणि पोळा यांना कोणतीच सीमा आडवी आली नाही. कर्जात असलेला शेतकरीही त्या दिवशी बैलाची शिंगे रंगवतो, अंगावर झूल घालतो. वर्षभर राबलेल्या मुक्या जिवाला आपण विसरलो नाही, हे तो त्या रंगाने सांगतो. त्याला कोणी उधळ्या म्हणत नाही. मग सणाच्या सकाळी लेकराने बापासाठी काढलेल्या फुलाला तरी तसे का म्हणावे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रंग म्हणजे देखावा, आणि देखावा म्हणजे खोटेपणा. या आक्षेपात तथ्य आहे. बाजारात काही रंग असे असतात की ते खाणाऱ्याला फसवण्यासाठीच घातले जातात. कापड रंगवण्याचे मेटॅनिल यलो अन्नात घालण्यास बंदी असूनही डाळीत, हळदीत, मिठाईत त्याची भेसळ पकडली गेली आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूत ‘म्हातारीच्या केसां’त ऱ्होडामाइन बी हा असाच कारखान्यातला रंग सापडला आणि त्या सरकारने ती मिठाई विकण्यास मनाई केली. आपल्या देशात कायद्याने फक्त आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक मर्यादेत. शिळे ते ताजे आणि हलके ते भारी भासवणे हे त्या खोट्या रंगाचे काम. लेकरांच्या शरीराला होणारा अपाय तर वेगळाच.

बिटाचा रंग तसा नाही. तो बीट असल्याचेच सांगतो. त्याला आपला स्वभावही लपवता येत नाही. आच मोठी झाली की तो तपकिरी पडतो, म्हणून आच मंद ठेवावी लागते. पिठात लिंबाचे दोन थेंब घातले तर जरा टिकतो. पालकाला मात्र आंबट सोसत नाही. आंबलेल्या पिठात तो मळकट दिसू लागतो. हळदीच्या पिठात सोडा पडला की पिवळ्याचे तांबडे होते. हे सारे मुलांना तव्याजवळ दाखवावे. देवाने निर्माण केलेल्या वस्तूंना आपापले गुणधर्म आहेत आणि त्यांच्याशी प्रामाणिक राहूनच काम करावे लागते, हा धडा त्यांना तेथे डोळ्यांनी दिसतो. आमच्या धाकटीने एकदा तव्यावर ‘आई’ असे लिहिले. उलटल्यावर अक्षरे आरशातल्यासारखी उलटी उमटली. तेव्हापासून ती आधी कागदावर उलटे लिहून पाहते. तर रंग खोटा की खरा, हे तो काही झाकतो की काही प्रकट करतो, यावरून ठरवावे.

पण रंग खरा असला म्हणून सण चांगला ठरतोच असे नाही. आमच्याच पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्याला झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांचे लोक त्यासाठी एकमेकांवर दगड मारतात. दरवर्षी माणसे जखमी होतात. काहींचे प्राणही गेले आहेत. आदल्या दिवशी बैलाच्या शिंगांना रंग, आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या डोक्यातून रक्त. आम्ही हे कोणास हिणवण्यासाठी लिहीत नाही; ते आमचेच शेजारी आहेत. एवढेच म्हणावयाचे आहे की सणाची किंमत त्याच्या शोभेवरून होत नाही. त्या दिवशी शेजाऱ्याच्या वाट्याला काय आले, हे विचारावेच लागते.

यावरून तिसरी गोष्ट निघते, आणि आमच्या मते तीच मुख्य आहे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात, नियमशास्त्र ऐकून रडणाऱ्या लोकांना सांगितले आहे की आज शोक करू नका, चांगलेचुंगले खा, गोड प्या आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. आनंद आणि वाटा यांची आज्ञा एकाच श्वासात दिली आहे. यहूदा म्हणतो, आनंद नको, गरिबांना द्या. आणि देत काहीच नाही. ऐषारामी म्हणतो, आम्ही आनंद करू, गरिबांचे त्यांनी पाहावे. शास्त्र या दोघांनाही मान्यता देत नाही. आणि वाटा म्हणजे उरलेसुरले नव्हे. ज्याच्या घरी पाठवायचे त्याच्या धिरड्यावरही फूल असले पाहिजे. शेजारच्याला कोरे आणि आपल्याला रंगीत, असे झाले तर त्या रंगाला लाज वाटावी.

आता घरातल्याच एका शेजाऱ्याविषयी लिहायचे आहे, ज्याचा वाटा आपण बहुधा विसरतो. भात एकदा शिजवला की सर्वांना एकत्र बसता येते. धिरड्याचे तसे नाही. ते एकेक होते आणि गरमच खावे लागते. तव्याला कांद्याच्या फोडीने तेल फिरवा, पीठ ओता, जाळी पडू द्या, कडा सुटल्या की उलटा. पुन्हा तेल, पुन्हा पीठ. घरचे सारे पंगतीत बसतात आणि एकजण उभी राहते. शेवटी ती बसते तेव्हा प्रार्थना होऊन गेलेली असते, पंगत उठलेली असते, आणि तिच्या वाट्याला पहिले चिकटलेले व शेवटचे जाड झालेले धिरडे येते. रंगीत धिरड्यांना तर दुप्पट वेळ लागतो. सणाचा हा आनंद कोणाच्या पायांवर उभा आहे, हे आम्ही इतक्या वर्षांत कधी पाहिलेच नव्हते. धाकटीच्या फुलाला आम्ही उधळपट्टी म्हटले; पण खरी उधळपट्टी तिच्या आईच्या श्रमांची होत होती, आणि ती करणारे आम्ही होतो.

योहानाचा एकविसावा अध्याय आम्ही कितीदा वाचला असेल! एकशे त्रेपन्न माशांवर बोललो, पेत्राला तीनदा विचारलेल्या प्रश्नावर बोललो. पण विस्तवाजवळ कोण होते, यावर कधी बोललो नव्हतो. तेथे प्रभूच सेवा करतो आहे, आणि शिष्य बसून खात आहेत.

त्या दिवशी संध्याकाळी परत येऊन आम्ही धाकटीची क्षमा मागितली. तिने लगेच “बरं, बाबा” म्हटले. पण पुढे कितीतरी दिवस ती रंगाच्या वाट्यांकडे वळली नाही. लेकराचे मन बोलून चटकन मोडता येते. जोडायला मात्र वेळ द्यावा लागतो. त्याच वर्षीच्या नाताळच्या सकाळी आम्ही स्वतः तव्यापुढे उभे राहिलो. पहिले धिरडे तव्याला चिकटले. दुसरे उलटताना दुमडले. धाकटी हसून म्हणाली, “बाबा, हा तर मध्यप्रदेशचा नकाशा झाला.” मग तिने आपणहून बिटाची वाटी पुढे ओढली आणि शिकवू लागली. चवथे बरे झाले. ते आम्ही तिच्या आईच्या ताटात वाढले. ती बसली होती, आणि धिरड्यातून वाफ निघत होती. पाचवे व सहावे शेजारी गेले, फुलांसकट.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. सणाच्या आधीच्या रविवारी मुलांना तीन प्रश्न द्या. आपल्या घरच्या न्याहारीतला रंग कशाचा आहे? ती न्याहारी करणारे माणूस केव्हा जेवते? आणि आपल्यासारखीच सजवलेली ताटली त्या दिवशी कोणाच्या घरी जाईल? उत्तरे वर्गात सांगायला लावू नका, नाहीतर गरीब मुलाला ओशाळे वाटेल. ती घरी जाऊन करून पाहू द्या.

त्या वृद्ध बाईंच्या घरी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा आमच्या मुलीही बरोबर होत्या. जाताना त्यांनी डब्यात रंगीत धिरडी नेली होती. बाईंनी डबा उघडला, बराच वेळ पाहिले, आणि मग धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “हे खाऊ कसं, बाई? मोडवत नाही.” धाकटी म्हणाली, “खा न आजी, गरम आहे तोवर. मी आणखी करीन.”