वारणेचा तह आणि आपला बांध

1730 साली वारणाकाठची लढाई जिंकूनही साताऱ्याच्या शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या संभाजीराजांना, आपल्या चुलतभावाला, मानाने भेटीस बोलावले. 1731 साली वारणा ही हद्द ठरली. तह टिकला.

याउलट अमेरिका व सोव्हिएत रशिया यांनी 1972 साली अण्वस्त्रांना मर्यादा घातली, पण इतर देशांत एकमेकांवर कुरघोडी चालूच ठेवली. 1979 साली रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि सलोखा मोडला. शस्त्रे मोजली, मनातला संशय मात्र गेला नाही. खरी शांती परस्पर विश्वासावरच उभी राहते, असे पोप जॉन तेविसावे यांनी 1963 सालीच बजावले होते.

आपणही मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देतो आणि घरी जाऊन भावाचा बांध कोरतो. प्रभू सांगतो, आधी भावाशी समेट, मग वेदीवर अर्पण.