दाताचा घास
भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आयटीआय झालेला एक पोरगा व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या मिलिंग मशीनवर, लागला. वर्षभर त्याने लोखंडच कापलं, आणि लोखंडाने त्याला जपून चालायला शिकवलं. मग ६०६१ अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटा आल्या. त्याने नेहमीचा चार दातांचा कटर लावला. खोल पॉकेट घेताना दातांमधल्या अरुंद जागेत कीस अडकला आणि कटर काडकन मोडला.

दुसरा कटर कार्बाइडचा, १० मिमीचा, दोन दातांचा. आता हाही मोडू नये म्हणून पोराने फीडचा, म्हणजे कटर पुढे सरकण्याच्या वेगाचा, नॉब २० टक्क्यांवर आणला. भीती वाटली की हात नॉबकडेच जातो. चांगल्या चांगल्या ऑपरेटरांचं हेच होतं. मशीन किंचाळायला लागलं. जॉबवर नुसते ओरखडे.

वर्कशॉपमधल्या जुन्या काकांनी मशीन थांबवून कटर काढला आणि त्याच्या हातात भिंग दिलं. धारेवर अ‍ॅल्युमिनियमचा थर चिकटून बसला होता.

"काका, मी तर हळूच चालवत होतो."

"म्हणूनच. कीस दाखव बघू."

ट्रेमध्ये कीस नव्हताच, भुकटी होती.

काकांनी जॉबकार्डाच्या पाठीवर हिशेब मांडला. कटिंग स्पीड मिनिटाला २०० मीटर धरला, तर १० मिमीच्या कटरला साधारण ६,४०० आरपीएम. एका दाताने ०.०५ मिमी घ्यायचं, दात दोन. फीड झाला मिनिटाला ६४० मिमी.

"तू फीड पाडलास, आरपीएम तसेच ठेवलेस. दाताच्या वाट्याला ०.०१ उरलं. धार कितीही तेज असो, टोकाला बारीकशी गोलाई असतेच. एवढा पातळ घास ती कापत नाही, घासत बसते. घासलं की तापतं, तापलं की चिकटतं. कीस नीट निघाला तर बरीचशी उष्णता तोच घेऊन जातो. भीत भीत सुरी चालवली की टोमॅटो चिरत नाही, चेंगरतो."

पोराने नवा कटर लावला, कूलंटचं तोंड थेट धारेवर वळवलं आणि नॉब १०० वर नेला. आवाज एकसारखा झाला. आखूड, वळलेला, चकचकीत कीस ट्रेमध्ये पडू लागला.

पुढच्या महिन्यात ओतीव अ‍ॅल्युमिनियमची हाउसिंग आली. सुपरवायझर म्हणाले, "अ‍ॅल्युमिनियमच आहे, मागचेच आकडे टाक."

"साहेब, आधी ग्रेड बघतो," पोरगा म्हणाला. "सिलिकॉन जास्त असेल तर तो धार खातो. आरपीएम उतरवीन आणि त्या हिशेबाने फीडही. पण दाताचा घास कमी करणार नाही."